पाटलीण पाणी प्यायली नाही

धोंडबा, तुझ्या दहाव्याला नदीवर टँकर आणावा लागला.

नदीपासून वीस पावलांवर टँकर उभा. त्याच्या पाइपानं निळ्या ड्रमांत पाणी भरलं, त्या पाण्यानं तुझ्या शंकरनं आंघोळ केली, भाऊबंदांनी केली, मीही दोन तांबे डोक्यावर ओतून घेतले. नदीकडं सगळ्यांची पाठ होती. कडेला पिवळट फेस साचलेला, आणि वास असा की भटजींनी नाकाला उपरणं लावून मंत्र म्हटले. नदीवर येऊन टँकरच्या पाण्यानं आंघोळ करायची, तर मग घरीच का नाही केली, असं एकानंही विचारलं नाही. दहावा नदीवर करायची रीत आहे ना, मग झालं तर. रीत पाळली म्हणजे आमच्या गावाला सगळं पाळल्यासारखं वाटतं.

टँकर कुणी दिला असेल, ओळख. दत्तरावांनी. माझे व्याही, गावाचे आधारस्तंभ, तुझ्या मेंढरांचे काळ. ड्रमही त्यांचेच. तू असतास तर बिडी विझवून एकदाच थुंकला असतास आणि उठून गेला असतास. पण कार्यक्रमच तुझा होता, त्यामुळे तुला उठून जाता आलं नाही.

पिंडदानाच्या आधी त्यांनी भाषण केलं. पांढराशुभ्र सदरा, हातात माइक. माइकही आणला होता, पंचवीस माणसांसाठी. "धोंडबा म्हणजे निसर्गाचा माणूस. पाण्याची अशी पारख असलेला माणूस आता या भागात व्हणं न्हाई," असं म्हणाले आणि डोळे पुसले. खरंच पुसले, मी जवळून पाहिलं. धोंडबा, मला त्या माणसाचा राग येत नाही आता, किळस येते. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. यांना स्वतःचं भाषण आवडतं.

तुझी पारख त्यांनीच गावभर येडपटपणा म्हणून फिरवली होती. "त्येच्या मेंढीला इचारून आता आमी धंदा करावा का?" असं पारावर बसून म्हणायचे आणि सगळा पार हसायचा. मीही हसायचो. मोठ्यानं नाही, पण हसायचो. व्याही बोलले की हसावं लागतं.

त्या मेंढीचं नाव तू पाटलीण ठेवलं होतंस, एक कान फाटलेली, चालण्यात तोरा. आपण दोघं चौथीपर्यंत एका फळ्यासमोर बसलो. मी पुढं शिकलो, तू मेंढरांमागं गेलास, आणि पुढची चाळीस वर्षं तुझी रीत मी पाहत आलो. नव्या पाण्यावर गेलं की आधी वयात आलेली एक मेंढी पुढं सोडायची. ती प्यायली तर बाकीची सोडायची. तिनं तोंड फिरवलं तर सगळं खांड, अख्खा कळप, वळवायचं, मग पुढं कोसभर पाणी नसलं तरी. तुझ्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. "मला अक्षरं धड येत न्हाईत, गणपत," तू म्हणायचास. "माझं समदं हिच्या नाकावर चालतंय."

आणि आपला व्यवहारही किती जुना. हळद निघाली की रान मोकळं पडायचं आणि तू मेंढरं आणून माझ्या रानात बसवायचास. आठ-दहा दिवस लेंड्या आणि मुतानं रान भिजायचं, पुढची हळद अशी यायची की बघणाऱ्यानं थांबावं. माझ्या घरून तुला भाकरी आणि ज्वारीचं पोतं. तुझ्या मेंढरांवर माझं रान पिकलं हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, सांगायला पाहिजे होतं. गावात माझी हळद म्हणून नाव झालं, तेही तुझं होतं.

दत्तरावांची शेड नदीच्या वरच्या अंगाला पडली ते आठवतं ना. लांबलांबच्या कारखान्यांतून रिकामे निळे ड्रम ट्रक भरून यायचे. काहींवर कवटीचं चित्र, काहींवर इंग्रजी अक्षरं. आत तळाशी काय उरलेलं असेल ते ओढ्यात उपडं करायचं, ड्रम साबणानं घासायचा, चित्र खरवडून काढायचं आणि सेनगावच्या बाजारात पाणी भरायचा ड्रम म्हणून विकायचा. आपल्याकडं नळाला चार-चार दिवस पाणी नाही, त्यामुळे ड्रम कोणत्या घराला नको? ज्या ओढ्यात ते धुवायचे तो नदीला मिळतो, नदी धरणाला, आणि धरणाचं पाणी परत नळानं आपल्याकडं येतं. म्हणजे ड्रमही त्यांचा आणि ड्रममधलं पाणीही त्यांचंच धुणं. इतकी चोख व्यवस्था सरकारलाही जमली नाही.

तू एकदाच भर पारावर विचारलंस, "दत्तराव, ते पाणी धरणात जातंय, ठाऊक हाय ना?"

"अरे धरण केवढं, आपले ड्रम केवढे," ते म्हणाले. "तिथवर जाऊन समदं विरून जातंय. कुणाला तकलीफ न्हाई."

"वरणात मीठ केवढं टाकतेत?" तू म्हणालास. "चिमूटभर. ते बी विरूनच जातंय. मंग लागतंय का न्हाई?"

त्यावर कुणी हसलं नाही. दत्तरावांनी मोबाइल काढून कानाला लावला. वाजला नव्हता तो.

आता त्या दिवसाकडं येतो. तीन वर्षं मी त्याच्या आजूबाजूनं फिरतोय.

शिमगा होऊन गेला होता. कातरणीच्या आधी मेंढरं धुवायची म्हणून तू खांड नदीच्या डोहावर आणलंस. मीही आलो होतो, दरवर्षीसारखा, धोतर खोचून. पाटलीण पुढं गेली, पाण्याला नाक लावलं, शिंकली आणि मागं फिरली. तू लगेच काठी आडवी धरलीस. "आज न्हाई धुवायची," म्हणालास.

मला घाई होती. रान मोकळं पडलं होतं आणि तू पंधरवड्यानं डोंगरकड्याच्या बाजूला निघणार होतास. धुणं लांबलं की कातरणी लांबणार, कातरणी लांबली की माझ्या रानात बसायला मेंढरांना दिवसच उरणार नव्हते. मी म्हणालो, "पाणी काळं न्हाई, पिवळं न्हाई. एका मेंढीचे एवढे लाड काहून करून राहिला?"

तू माझ्याकडं बघितलंस, पाण्याकडं बघितलंस. मग म्हणालास, "तू शिकलेला माणूस. तू म्हणतोस म्हणून."

सगळ्या आयुष्यात तू ती एकच चूक केलीस, धोंडबा. मेंढीला सोडून माणसाचं ऐकलंस, आणि माणूसही निवडलास तो मी.

कमरेइतक्या पाण्यात आपण दोघं उभे राहिलो. तू एकेक मेंढरू ओढून चोळायचास, माझ्याकडं ढकलायचास, मी पलीकडं काढायचो. घाबरून तोंडं उघडी टाकून पोहायची ती, गटागटा पाणी जायचं पोटात. पाटलीण काही केल्या पाण्यात उतरली नाही, तिला तू काठावर सोडून दिलंस. दुपार कलताना मेंढरांच्या तोंडाला फेस आला. संध्याकाळी ती पाय झाडू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा मेंढरं आडवी होती आणि माझ्या मांड्यांना, तुझ्या हातांना लाल चट्टे उठले होते. तू रडला नाहीस. मेलेल्या प्रत्येक मेंढराच्या तोंडावरचा फेस घोंगड्याच्या टोकानं पुसत होतास.

मग आले साहेब लोक. तलाठी, जनावरांचे डॉक्टर, आणि त्यांच्यामागं पाण्याच्या बाटल्या वाटत दत्तराव. डॉक्टरांनी एकही मेंढरू फाडून बघितलं नाही. सावलीत बसून विचारलं, "मेंढरं बसायची कुठं?" कुणी तरी माझं रान दाखवलं. झालं, कारण सापडलं. ज्वारी काढल्यावर धसकटांना जे कोवळे कोंब फुटतात ते खाऊन जनावर मरतं, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पंचनामा लिहिला गेला की गणपत यांच्या शेतातील ज्वारीचे कोवळे कोंब खाल्ल्याने विषबाधा. पाण्याचा उल्लेख एकदाही नाही. मेंढरं नदीच्या काठावर पडलेली, आणि कागदावर नदीच नव्हती.

पंच म्हणून पहिली सही माझी पाहिजे होती, कारण रान माझं. दत्तरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. धमकी वगैरे काही नाही, ते तसले नाहीत. हळूच म्हणाले, "इवाई, मीनाला आठवा महिना हाय. उगं तिच्या डोक्याला ताप नको."

मीना माझी लेक, त्यांच्या घरात दिलेली. मी सही केली. हात थरथरला वगैरे म्हणालो असतो, पण नाही थरथरला. चांगली वळणदार सही आली.

तुझ्यापुढं शाईची डबी धरली तेव्हा तू अंगठा मागं घेतलास. त्यांना नाही, मला विचारलंस, सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात, "गणपत, तुह्या रानात यंदा ज्वारी कुठं व्हती रं?"

तिथं तीस-चाळीस माणसं होती. माझ्या रानात त्या वर्षी काय होतं हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, निम्मे तर मजुरीला येऊन हळद काढून गेलेले. एकानं तोंड उघडलं नाही. कुणी आभाळाकडं बघत होतं, कुणी दत्तरावांनी दिलेली बाटली पीत होतं. या गावाला मी आयुष्यभर आपलं गाव म्हणत आलो. त्या दिवशी बघितलं तर सगळे उभे होते माझ्यासारखेच, आणि मला ते आवडले नाहीत.

पंधरा दिवसांनी कुणी तरी येऊन पाण्याचा नमुना नेला. तोवर शेड बंद ठेवली होती आणि ओढा नितळ. नमुना उत्तम निघाला म्हणे.

तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी उलट दिल्या असत्या आणि वर्षभरात विषय संपला असता. तू ते केलं नाहीस. बोलणं चालू ठेवलंस, राम राम चालू ठेवलास. फक्त पुढच्या शिमग्याला तुझं खांड माझ्या बांधावरून आलं आणि थांबलं नाही. मी मोकळं रान घेऊन उभा. तू हात वर केलास, "बरं हाय का गणपत?" विचारलंस आणि पुढच्या रानात जाऊन मेंढरं बसवलीस. त्याच्या पुढच्या वर्षी तेच, आणि यंदाही तेच. एवढी सभ्य शिक्षा मला मास्तरांनीही कधी दिली नव्हती. माझी हळद दरसाल उतरत गेली, ते लोकांनी बियाण्यावर ढकललं.

मी तुझ्यावर चिडायचो हेही सांगून टाकतो. मला वाटायचं, हा काय मोठा शहाणा लागून गेला. याची लेक नाही त्या घरात. याला काय, खांड वळवलं की दुसरा गाव. रोज मनात तुझ्याशी भांडायचो आणि रोज जिंकायचो. समोर आलास की काय बोलायचं ते आठवायचं नाही.

शेवटचा आलास तो महिन्यापूर्वी. अंगणात टेकलास, दम लागला होता. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तू कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमाकडं बघितलंस. मीनाच्या लग्नात दत्तरावांनी आम्हाला असे दोन ड्रम मानानं दिले होते, वर कुंकवाचं बोट ओढून.

"त्यातलंय का?" तू विचारलंस.

"व्हय."

"ऱ्हाऊ दे मंग."

तेवढं बोलून तू बराच वेळ बसून राहिलास. मला वाटतं तू वाट बघत होतास. मी पावसाचं बोललो, शंकरच्या लेकराचं बोललो, शिरड शहापूरच्या बाजारात बकऱ्याला काय भाव चाललाय तेही बोललो. एवढं बोलणारा मी, तुला हवे होते ते चार शब्द मात्र बोललो नाही. तू उठलास, गुडघ्यावर हात ठेवून, आणि गेलास. मग तीन आठवड्यांनी झोपेतच गेलास. कुणाला त्रास दिला नाहीस, म्हणाले सगळे. मला वाटलं, थोडा द्यायचा होतास.

तिसऱ्या दिवशी शंकर पाटलिणीला घेऊन दारात उभा. आता थकलीय ती, दात गेलेत. म्हणाला, "बापानं आधीच सांगून ठिवलं व्हतं. हिला गणपतकाकाकडं द्या म्हणाले. बाकी काय बोलले न्हाईत." मी दावं हातात घेतलं. बाकी काही बोलायची गरजच नव्हती, तुझं बराबर होतं.

तर दहावा. पिंड ठेवला आणि सगळे लांब सरकून उभे राहिलो. कावळा येईना. अर्धा तास, एक तास. मग सुरू झालं, तुझी काय इच्छा राहिली असेल ते बोलायचं. शंकर म्हणाला, मेंढरं मोडणार न्हाई. तुझा भाऊ म्हणाला, वहिनीला सांभाळू. दत्तराव पुढं झाले, हात जोडले आणि म्हणाले, धोंडबाच्या नावानं नदीवर सिमेंटचा बाक बांधतो. म्हणजे बसून वास घ्यायची सोय. तरी कावळा नाही. येणार कुठून? या नदीवर मी वर्षभरात कावळा बघितलेला नाही, बगळा नाही, साधी टिटवी नाही. पण वर बघत सगळे उभे. आणि मग एकेक जण माझ्याकडं बघू लागला.

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. माझ्या तोंडात आलं होतं, धोंडबा, शपथ घेऊन सांगतो. समोर दत्तराव, त्यांच्या मागं बायकांत मीना, कडेवर नातू. मी खाली बघितलं. दत्तरावांनी भटजींना खूण केली, भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पार पडला. गवताच्या कावळ्यानं तुला मोकळं केलं. सगळे जेवायला निघाले, बासुंदी होती.

संध्याकाळी मीना घरी आली. पाटलिणीला कुरवाळलं, पाणी प्यायला उठली आणि ड्रमापाशी थांबली.

"बाबा, तुमी अजून ह्येच वापरता?"

"मंग? तुझ्या सासऱ्यानंच दिलेत."

"आमच्या घरात ह्यो ड्रम कधीच न्हाई," ती म्हणाली. "मी गेले तवापासून स्टीलची टाकी हाय. अन् प्यायाला जार. मामंजी म्हणतेत, ते ड्रम इकायचे, घरात ठेवायचे न्हाईत."

मी विचारलं, "मला कधी सांगितलं काहून न्हाई?"

"मला वाटलं तुमाला ठाऊक हाय. तुमी सही केली तवा तर पक्कंच वाटलं."

"ती मी तुझ्यासाठी केली पोरी."

तिनं हातातला तांब्या ड्रमावर पालथा घातला. मग म्हणाली, "मला इचारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. तीन वर्षं लेकीच्या आड लपलो आणि लेकीला पत्ता नाही. दत्तरावांना मी काय काय म्हणतो वरती, पण त्यांनी निदान आपल्या घरचं पाणी सांभाळलं. मी तेही केलं नाही. त्यांच्याहून खाली जाऊन बसलोय मी, आणि तिथूनच त्यांना नावं ठेवतोय.

दोन्ही ड्रम मी त्याच संध्याकाळी नेऊन शेडच्या दारात उभे केले. दुसऱ्या दिवशी मीनानं कागद आणला. मी सांगितलं, तिनं लिहिलं. मेंढरं डोहाच्या पाण्यात धुतल्यावर मेली, शेतातलं काही खाऊन नाही. शेडमधून काय वाहतं. आधीची सही कुणाच्या सांगण्यावरून केली. आणि ती मीच केली, कुणी हात धरला नव्हता. मी सही करायला गेलो तर तिनं कागद ओढून घेतला आणि आधी स्वतःची केली. सासरचं पूर्ण नाव लावून. मी म्हणालो, "पोरी, तुला त्या घरात परत जायाचंय." ती म्हणाली, "जाईन ना. घर माझं बी हाय."

सोमवारी आम्ही दोघं तहसीलात जाणार आहोत. होईल काय? कदाचित साहेब कागद घेऊन टेबलाखाली ठेवतील. कदाचित नमुना पुन्हा पंधरा दिवसांनी नेतील. गाव मला आता व्याह्याचा वैरी म्हणेल, आणि वर नेहमीसारखं आभाळाकडं बघेल. मला त्यातल्या कशाचंच फार वाटत नाही. शंकरला निरोप पाठवलाय, पुढल्या शिमग्याला रान मोकळं ठेवतो, बसवायची की नाही ते तू ठरव.

पाटलीण माळावरच्या विहिरीचं पाणी पिते. आधी वास घेते, माझ्याकडं बघते, मग पिते.

ज्वारीचं तू सगळ्यांसमोर विचारलं होतंस, म्हणून हेही सगळ्यांसमोर लिहितोय. नव्हती, धोंडबा. माझ्या रानात त्या वर्षी ज्वारी नव्हती.